रश्श्यावरचा तवंग आणि मूत्राशय

तवंगाशिवाय तांबडा रस्सा आणि कटाशिवाय मिसळ ही कल्पना कोल्हापूरकरांना मानवणारी नाही. या तवंगात शेंगतेलाचा मान मोठा. घाण्याचे तेल हा तर अनेक घरांत अभिमानाचा विषय असतो. अति तेलाने हृदयावर परिणाम होतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. लघवीच्या तक्रारींशी मात्र आहाराचा संबंध सहसा जोडला जात नाही. जोडलाच, तर 'उष्णता झाली' एवढ्यावर विषय मिटतो.

खाल्लेले तेल थेट मूत्राशयात उतरत नाही. त्याचा परिणाम आडवाटेने होतो. मोठा चमचाभर तेलातून सुमारे १२० कॅलरी मिळतात आणि कटाच्या वाटीत असे किती चमचे असतात, हे कोणी मोजत नाही. सुटलेल्या पोटाचा भार मूत्राशयावर व त्याला आधार देणाऱ्या स्नायूंवर पडतो. मग खोकताना, शिंकताना, ओझे उचलताना लघवी गळते. ही तक्रार स्त्रियांमध्ये अधिक आढळते आणि तीच सर्वांत अधिक लपविली जाते. लग्नकार्याला जाणे टाळायचे, प्रवासाआधी पाणी तोडायचे, असे उपाय वर्षानुवर्षे चालतात. पाणी तोडल्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढते आणि जंतुसंसर्गालाही वाव मिळतो.

वजन उतरविल्यास या त्रासात फरक पडतो, याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेतील जादा वजनाच्या ३३८ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन घटविलेल्या गटात लघवी गळण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. केवळ आरोग्यविषयक माहिती दिलेल्या गटात ही घट २८ टक्के होती. ऐंशी किलोच्या व्यक्तीसाठी ८ टक्के म्हणजे जेमतेम साडेसहा किलो.

दुसरी वाट मधुमेहाची. तो दीर्घकाळ आटोक्याबाहेर राहिला, तर मूत्राशयाच्या नसा बधिर होतात, लघवी पूर्ण होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात.

मग शेंगतेल वाईट का? तसे नाही. त्यातील जवळपास निम्मी स्निग्धाम्ले एकल असंपृक्त, म्हणजे तुलनेने हितकर असतात. पांढऱ्या रश्श्यातील नारळाच्या दुधात संपृक्त स्निग्धांश त्याहून बराच अधिक असतो. मात्र घाण्याचे तेल 'मूत्रमार्ग साफ करते' हा समज निराधार आहे. ऑक्झलेटचा मुतखडा होणाऱ्यांना शेंगदाणे बेताने खाण्यास सांगतात. ते पथ्य दाण्यांचे आहे, तेलाचे नव्हे. तेलाबाबत प्रश्न आहे तो प्रमाणाचा. बैठे काम करणाऱ्या प्रौढाला दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल-तूप पुरेसे असते. त्या हिशेबाने चार प्रौढांच्या घरात महिन्याला अडीच ते तीन किलो तेल-तूप पुरायला हवे. आपल्या घरी किती लागते, हे वाण्याच्या यादीवरून कळेल.

बऱ्याचदा तेलावर येणारा आळ प्रत्यक्षात मिरचीचा आणि चहाचा असतो. वारंवार घाईची लघवी होणाऱ्या काहींना या दोहोंनी त्रास वाढल्याचे जाणवते, सर्वांना नाही. दोन आठवडे ते कमी करून पाहिल्यास आपल्यापुरता उलगडा होतो.

लघवीत रक्त दिसले, तर मात्र ते तिखटावर ढकलू नये. वेदना नसल्या, एकदाच दिसले आणि पुन्हा थांबले, तरीही नाही. विशेषतः चाळिशी उलटलेल्यांनी आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान आहे आणि त्याची पहिली खूण अनेकदा असे वेदनारहित रक्तच असते. सुरुवात लघवीच्या साध्या तपासणीने होते. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यातही ती करून घेता येते.