घर हलतं तेव्हा मैत्रिणीने काय करावं

"नवं घर एवढं चांगलं मिळालंय, मग रडतेस कशाला?" घर बदललेल्या बाईला हे हमखास ऐकावं लागतं. विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं, पण ऐकणारी त्यानंतर बोलायची थांबते. धाराशिव जिल्ह्यात तरी हा प्रश्न कुणी विचारू नये. घर सुटणं म्हणजे काय, हे इथे गावंच्या गावं हलताना पाहिलेली पिढी अजून हयात आहे.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,000 माणसं गेली. आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरची फार मोठी हानी झाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यावर माळवदाचं ओझं, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं आणि दोन्ही जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसली. कुटुंबाकडे जमीन किती, यावर घर ठरलं: 250, 450 किंवा 750 चौरस फूट.

घरं पक्की होती, रस्ते रुंद होते. पण जुन्या गावात भावकी एका गल्लीत राहायची, ढाळजेत बसलं की येणारा-जाणारा दिसायचा, भिंतीतल्या बळदात धान्य असायचं. नव्या वसाहतीत सरळ ओळी आल्या. घराच्या मापाप्रमाणे ओळी पडल्या तिथे सख्खे भाऊही लांब गेले. हाक मारली की ऐकू येईल, एवढ्या अंतरावर ओळखीचं कुणी उरलं नाही. कित्येकांना तर कितीतरी दिवस छताखाली झोपायचीच भीती वाटत होती. भूकंपाने मनावर काय झालं, याचा अभ्यास पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने झाला. मला वाटतं, त्या काळाकडून शिकण्यासारखं हेच आहे: भिंती उभ्या करून देता येतात, शेजार तसा उभा करून देता येत नाही.

मुलांच्या शिक्षणासाठी लोहाऱ्याहून पुण्याला निघालेल्या मैत्रिणीवर भूकंपाएवढं संकट नसतं, हे खरंच. तरी तिचाही शेजार सुटतोच. म्हणून सामान बांधताना तिच्याजवळ बसा आणि "हे कशाला नेतेस, टाकून दे" असं म्हणू नका. सासूबाईंचं पितळी घंगाळ न्यायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. त्या घंगाळाची गोष्ट ती सांगत असेल तर ऐका, बांधाबांध अर्धा तास उशिरा झाली तरी चालेल. टेम्पो येईल त्या दिवशी पिठलं-भाकरी करून न्या, लहान मुलांना आपल्या घरी ठेवून घ्या.

खरी गरज मात्र त्यानंतर लागते. पहिल्या आठवड्यात पाहुण्यांची वर्दळ असते. मग सगळे आपापल्या कामाला लागतात आणि दुपारचं घर रिकामं वाटायला लागतं. शक्य असेल तर तेव्हा जा. पिठाची गिरणी, दवाखाना, दूधवाला तिच्याबरोबर हिंडून शोधा. नव्या गल्लीतल्या एका तरी घरात तिच्यासोबत जाऊन बसा. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये संकटातल्या माणसाच्या मानसिक प्रथमोपचारासाठी जी मार्गदर्शिका काढली, तिचा गाभाही साधा आहे: परिस्थिती पाहा, ऐका, आणि लागेल त्या मदतीशी जोडून द्या. सल्ला देण्याची घाई तिथे नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे वेगळं लक्ष हवं. सून नव्या घरात रमते, आणि तिने आनंदी असावंच, त्यात काही वावगं नाही. सासूला मात्र बसायला ओसरी नसते आणि बोलायला तिच्या वयाची बाई नसते. मैत्रिणीकडे गेलात तर त्यांच्याजवळही थोडं बसा.

झोप उडाली, जेवण तुटलं, रडू आवरेना असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करायला सांगा. तिला धीर होत नसेल तर शेजारी बसून लावून द्या. आणि संक्रांतीला जुन्या गल्लीत हळदीकुंकू असलं की तिला चार दिवस आधी कळवा. आणायला कुणीतरी जा.