न्हाणीघरातील दुर्गंधीचे मूळ

घर कितीही नीटनेटके असले, तरी न्हाणीघरातील बेसिनपाशी उभे राहताच कुबट वास आला, की पाहुण्यांसमोर घरच्यांना संकोच वाटतो. अशा वेळी बहुधा बेसिनमध्ये दोन डांबराच्या गोळ्या टाकल्या जातात किंवा खिडकीत उदबत्ती लावली जाते. तास-दोन तासांत वास पुन्हा आपल्या जागी हजर! लक्षण झाकल्याने रोग बरा होत नसतो. बेसिनच्या दुर्गंधीची मुळे सामान्यतः दोन असतात. एक, नळीत साचलेला मळ. आणि दुसरे, नळीतील पाण्याचा उठून गेलेला पहारा. यांपैकी कोणते मूळ आहे हे एकदा ओळखले, म्हणजे उपाय सोपा आणि अल्पखर्चाचा ठरतो.

हा पाण्याचा पहारा म्हणजे काय? बेसिनखाली डोकावले असता तेथील नळी सरळ खाली न जाता वाकून पुन्हा थोडी वर चढलेली दिसते, किंवा तेथे बाटलीच्या आकाराचे एक भांडे बसविलेले असते. कारागीर यालाच ट्रॅप म्हणतात. बेसिनमधील पाणी वाहून गेले, तरी या वाकणात ओंजळभर पाणी मागे राहते आणि तेच बुचाचे काम करते. सांडपाणी त्यातून खाली जाऊ शकते. गटारातील वायू मात्र ते ओलांडून वर येऊ शकत नाही. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यात इंग्रजी ‘एस्’ अक्षरासारखी वाकविलेली नळी होती. आजच्या ट्रॅपचे तत्त्व तेच आहे. न्हाणीघराच्या फरशीतील जाळीखालीही असाच एक ट्रॅप असतो. भारतातील बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा त्याला ‘नहाणी ट्रॅप’ असेच नाव आहे.

आता परीक्षेकडे वळू या. प्रथम नळाचे पाणी पेल्यात घेऊन दुसऱ्या खोलीत न्यावे व हुंगून पाहावे. तेथे वास आला, तर दोष पाण्यात आहे. वास न आल्यास नळीकडे लक्ष द्यावे. घर काही दिवस बंद राहिल्यानंतर वास सुटला असेल, तर ट्रॅप कोरडा पडल्याचा संशय घ्यावा. पाणी सोडताच वासाचा भपका येत असेल, तर दोष बहुधा मळाचा असतो.

साबणाचा चिकटा, केस, दाढीचा फेस आणि दात घासताना थुंकलेले अन्नकण नळीच्या आतल्या बाजूस चिकटतात. त्यांवर जीवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. या थराच्या तळाशी हवा पोचत नाही. तेथे कुजण्याची क्रिया होऊन हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू निर्माण होतात. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो याच वायूचा. यावर खरा उपाय घासण्याचा. बेसिनच्या तोंडाची जाळी काढून केसांचा गुंता ओढून घ्यावा. खाली बादली ठेवून बाटलीसारख्या ट्रॅपचा तळ फिरवून सोडवावा, आतील गाळ काढावा व साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून पुन्हा घट्ट बसवावा. बेसिनच्या काठाखाली लहान छिद्र असल्यास तेही बाटली धुण्याच्या ब्रशने साफ करावे. पुष्कळदा वासाचे घर तेथेच असते. शेवटी गरम पाणी सोडावे. मात्र ते उकळते नसावे, कारण पीव्हीसीच्या नळ्या त्याने मऊ पडतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचे मिश्रण पुष्कळांना प्रिय असते. पण ते दोन पदार्थ एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात आणि फेसाची गंमत तेवढी उरते.

पाण्याचा पहारा उठण्याची कारणे निराळी. इंदूर किंवा हैदराबाद येथील कोरड्या उन्हाळ्यात वापर नसलेल्या ट्रॅपमधील पाणी हळूहळू आटते. काही घरांत शेजारचे पाणी जोराने वाहून जाताना ट्रॅपमधील पाणीही ओढले जाते; त्या वेळी बेसिनमधून गुडगुड आवाज येतो. असे होऊ नये म्हणून गच्चीपर्यंत हवेची नळी नेलेली असते. ती तुंबली किंवा दुरुस्तीच्या वेळी बंद केली गेली, तर कारागिराला बोलवावे. काही ठिकाणी तर ट्रॅपच नसतो. वळ्यावळ्यांची प्लास्टिकची नळी भोकात नुसती खुपसलेली असते आणि भोवतीच्या फटीतून वायूंबरोबर झुरळेही वर येतात. तेथे ट्रॅप बसवून फट बुजविणे, हाच उपाय होय.

हा प्रश्न केवळ नाकाचा नाही. २००३ साली हाँगकाँगमधील आमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स रोगाची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली. तेथील न्हाणीघरांत फरशी धुण्याऐवजी पुसून घेण्याची रीत असल्याने जमिनीतील ट्रॅप कोरडे पडले होते. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांच्या ओढीने दूषित तुषार सांडपाण्याच्या नळांतून त्या वाटेने घरांत शिरले, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला.

उपाय करताना एक पथ्य कसोशीने पाळावे. ब्लीचिंग पावडर आणि शौचकूप साफ करण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यांतून क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून सोडलेला वायू तो हाच. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

सुट्टीत घराला कुलूप लावण्यापूर्वी प्रत्येक बेसिनमध्ये आणि फरशीच्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावे. मुक्काम लांबणार असेल, तर वर चमचाभर गोडेतेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर आटत नाही. परत आल्यावर खिडक्या उघडून पुन्हा तांब्याभर पाणी ओतले, की पहारा पूर्ववत् सुरू होतो.