मागांच्या आवाजातली घरसभा

आमच्या इचलकरंजीत मागावरची पाळी बारा तासांची. दिवसपाळीवाला घरी येतो तेव्हा रात्रपाळीवाला निघालेला असतो. त्यामुळे रविवारची उपासना प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असं नाही. म्हणून आम्ही काही बायका गुरुवारी संध्याकाळी एकीच्या खोलीत घरसभा घेतो. भिंतीपलीकडे माग चालूच असतात, त्यामुळे प्रार्थना मोठ्यानं करावी लागते. मी निवृत्त शिक्षिका, वाचून दाखवायचं काम माझ्याकडे.

बाप्तिस्मा झाला की माणूस ख्रिस्ती झाला आणि विषय संपला, असं बाहेरच्या पुष्कळांना वाटतं. खरं तर तिथून सुरुवात होते. पाण्यातून बाहेर आलेला माणूस आपला राग, हेवा, जातीचा ताठा सगळं बरोबर घेऊनच घरी जातो. ते हळूहळू सुटत जाणं, याला मंडळीत विश्वासात वाढणं म्हणतात. त्यासाठी मुलांना संडे स्कूल असतं, पुढे दृढीकरणाचे वर्ग असतात, पाळकांचे उपदेश असतात. हे सगळं हवंच. पण माणूस वाढतो तो कुणाच्या तरी शेजारी बसून, आणि त्याला लागेल तेवढा वेळ घेऊन, असं माझं ठाम मत आहे.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. संस्कृत शास्त्रं कोळून प्यालेली ही बाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वच्छ लिहिलं की तेव्हा धर्म सापडला होता, ख्रिस्त स्वतः उमगायला आणखी आठ वर्षं गेली. एवढ्या विदुषीला आठ वर्षं लागतात, मग मागासाठी सुताच्या कांड्या भरून दमूनभागून आलेल्या बाईकडून सहा महिन्यांत आपण काय मागतो? केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा होत्या. त्यांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल हवं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत भाषांतर करत राहिल्या.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं-ओवळं आणि वेगळा स्वयंपाक सांभाळूनच. माणसामाणसांतला भेद देवानं केलेला नाही, हे त्यांचं त्यांना पटलं, मग शिवाशिव गेली, आणि त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी त्या भागापाशी दर वेळी थांबते. ही बाई कुणाच्या धाकानं बदललेली नाही. टिळकांनी पुढे साताऱ्यात १९१७ साली ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तसमुदाय सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

आमच्या घरसभेतल्या बायकांना मात्र सगळ्यांत आवडते ती प्रेषितांच्या कृत्यांतली गोष्ट. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे नवरा-बायको राहुट्या करून पोट भरणारे, म्हणजे आमच्यासारखेच कष्टकरी. अपुल्लोस नावाचा मोठा वक्ता सभास्थानात बोलत होता. त्याचं ज्ञान थोडं अपुरं होतं. या दोघांनी त्याला चारचौघांत टोकलं नाही. आपल्याकडे नेलं आणि नीट समजावून सांगितलं. त्यानंही ऐकून घेतलं. विद्वानाला कारागिरानं शिकवलं, यात त्या काळी कुणाला कमीपणा वाटला नाही!

काही वर्षांपूर्वी कांड्या भरणारी एक बाई आमच्यात आली. तिला अक्षरओळख नाही. मुलगी वाचते, ती ऐकते. तेविसावं स्तोत्र तिनं असं ऐकूनच पाठ केलं. एका गुरुवारी क्षमेचा उतारा निघाला, तशी ती म्हणाली, “बाई, जावंनं माझ्या लेकरांच्या तोंडातला घास काढलाय. तिला माफ करायचं म्हंजे नेमकं करायचं काय? सांगा की.”

मी उत्तर द्यायच्या आत आमच्यातली एक म्हातारी मावशी बोलली, “आज माफ नगं करूस. आज नुसतं तिचं नाव घिऊन प्रार्थना कर. मी बी तुझ्यासंगं घेती.” दोघींनी हात धरून नाव घेतलं. पुढच्या गुरुवारीही घेतलं. मावशी अधूनमधून तिच्या घरी जायची, चहा प्यायची, जावेचा विषय स्वतः कधी काढायची नाही. कितीतरी महिन्यांनी जाऊ आजारी पडली, तेव्हा ही दिवसभर कांड्या भरून आली आणि तिच्या घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. बोलणं अजून तुटकच आहे, पण येणंजाणं सुरू झालंय.

एखादीला हाताशी धरणारी बाई तिला स्वतःवर अवलंबून ठेवू लागली तर मला ते खटकतं. नियमांची यादी हातात देणं त्याहून वाईट. बाई घाबरते आणि यायची बंद होते. आम्ही नव्या येणारीला आधी मार्काचं शुभवर्तमान देतो. सोळाच अध्याय, आणि त्यातला येशू सारखा चालताना, जेवताना, आजाऱ्यांजवळ थांबताना दिसतो. वाचता येत नसेल तर मोबाइलवर ऐकायची सोय करून देतो. या महिन्यात एक नवी सून आली आहे. तिच्याबरोबर मार्क ऐकायला कांडीवाली बसते. सूनबाईचे प्रश्न ती आमच्यापर्यंत आणते. काहींची उत्तरं तीच देऊन आलेली असते.