गिरणीतलं करवंद

पांढऱ्या ताटलीच्या मधोमध एकच करवंद होतं. अर्धं कापलेलं, बाजूला कसल्याशा हिरव्या तेलाचे चार थेंब. ताटली ठेवणारा मुलगा म्हणाला, हे कोकणातलं रानफळ आहे आणि आणखी दोन आठवड्यांनी आलात तर मिळणार नाही. मी करवंद कलतं करून बघितलं. आतून लालभडक. "कोंबडा," मी भाचीला म्हटलं. चिपळूण तालुक्यातल्या आमच्या सावर्ड्याच्या मागच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, आम्ही पोरं करवंदं खाताना हीच पैज लावायचो. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. त्या मुलाने मला ते पुन्हा सांगायला लावलं आणि पलीकडच्या टेबलाशी जाऊन दोन वयस्कर बायकांना सांगितलं. त्यांनीही आपापली करवंदं उलटून बघितली.

भाची हॉटेल मॅनेजमेंट शिकून मुंबईतल्या अशाच एका मोठ्या स्वयंपाकघरात लागली आहे. पहिल्या पगारातून तिने आत्याला जेवायला नेलं, तेही आपलं नव्हे, दुसऱ्याचं हॉटेल बघू म्हणून. ती जागा एका जुन्या गिरणीच्या आवारात होती. आत शिरल्यावर मी ताटाआधी छप्पर बघितलं. करवतीच्या दात्यांसारखं, एकाआड एक उतरत गेलेलं. गिरण्यांची छपरं अशी बांधत, कारण काचा उत्तरेकडे ठेवल्या की ऊन थेट येत नाही आणि दिवसभर सारखा उजेड मिळतो. तुटलेला धागा सापडायला तसाच उजेड लागतो. माझे आजोबा अशाच एका छपराखाली पंचवीसेक वर्षं उभे होते. आता तिथे आमच्या सड्यावरचं करवंद मांडलं जातं. त्या जेवणानंतर मी या विषयाच्या मागेच लागले.

ऋतूप्रमाणे पदार्थ बदलणारं, महागडं, जुन्या वास्तूत थाटलेलं हॉटेल ही कल्पना मुंबईत गेल्या दहा-बारा वर्षांत रुजली. २०१५ साली लोअर परळच्या कमला मिलमध्ये 'द बॉम्बे कँटीन' सुरू झालं. शेफ फ्लॉइड कार्डोझ त्याच्या उभारणीत होते. आपल्याकडच्या हंगामी भाज्या आणि प्रांतोप्रांतीचे पदार्थ त्यांनी मोठ्या शहरी हॉटेलच्या ताटात मानाने आणले. २०१६ साली महालक्ष्मीला, शक्ती मिलच्या गल्लीतल्या लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात 'मास्क' उघडलं. अदिती दुगर यांनी ते काढलं आणि पहिली काही वर्षं तिथल्या स्वयंपाकघराची सूत्रं प्रतीक साधू यांच्याकडे होती. तिथे आपण काय खाणार ते आपण ठरवत नाही. दहा पदार्थ क्रमाने येतात, आणि त्या दिवसांत काय चांगलं मिळतं त्यावर ते ठरलेले असतात. २०२१ साली फोर्टमध्ये 'एका' आलं, शेफ नियती राव यांचं. ते दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या किताब महल नावाच्या जुन्या इमारतीत आहे. या रस्त्याच्या, म्हणजे पूर्वीच्या हॉर्नबी रोडच्या, दोन्ही बाजूंनी कमानींचे जे सलग, छताखालचे पादचारी मार्ग आहेत, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कायद्यानेच घालून दिले होते. ऊन-पावसात माणसाने कोरडं चालावं म्हणून. मला त्या रस्त्याचं हे फार आवडतं.

साधू आणि राव, दोघांनीही कोपनहेगनच्या 'नोमा'मध्ये उमेदवारी केली आहे. नोमा २००३ साली बंदरावरच्या एका अठराव्या शतकातल्या जुन्या वखारीत सुरू झालं. आपल्या थंड प्रदेशात, आपल्या किनाऱ्यावर, आपल्या रानात जे उगवतं तेवढ्यावर उत्तम जेवण करून दाखवायचं, हा त्यांचा हट्ट. पुढे २०१८ साली नव्या जागेत गेल्यावर त्यांनी वर्षाचे तीनच भाग केले: एक समुद्राचा, एक भाज्यांचा, एक रानाचा आणि शिकारीचा. त्याच्याही आधी, १९७१ साली, कॅलिफोर्नियात बर्कलीला ॲलिस वॉटर्स यांनी 'शे पानीस' काढलं, तेही एका जुन्या घरात. आज शेतावर जे आलं तेच आज रांधायचं, ही रीत तिथून जगभर पसरली.

एरवीच्या हॉटेलात आधी मेन्यूकार्ड छापतात आणि मग त्याप्रमाणे माल भरतात. पनीर बाराही महिने मिळतं, म्हणून ते बाराही महिने कार्डावर असतं. महामार्गावर सावर्ड्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेही थांबा, जूनमध्ये आणि जानेवारीत तेच ताट समोर येईल. ऋतूवर चालणाऱ्या स्वयंपाकघरात उलटं असतं. आधी माल, मग पदार्थ. भाची सांगते, त्यांच्याकडे आठवड्याची सुरुवात फोनवर होते. कुणाकडे काय आलं, किती आलं, किती दिवस येईल. ओले काजूगर फेब्रुवारी-मार्चचे. रातांबे एप्रिल-मेचे. पहिल्या पावसानंतर टाकळा, मग फोडशी, भारंगी, कुर्डू. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना समुद्र बंद, तेव्हा मासळीचा पदार्थ खाडीच्या किंवा नदीच्या मासळीवर न्यायचा नाहीतर काढून टाकायचा. एक पदार्थ बसवायला तीन आठवडे लागतात आणि तो ताटात राहतो कधीकधी तेवढेच दिवस. माणशी हजारो रुपयांचं बिल का होतं, त्याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे. उरलेलं उत्तर माणसांत. तीस-चाळीस पाहुण्यांसाठी राबणारे हात पाहुण्यांच्या जवळपास निम्मे असतात, असं भाचीच्या स्वयंपाकघराचं प्रमाण आहे.

ओल्या काजूगराचंच घ्या. हिरवी बी दगडासारखी कडक नसते, पण तिच्या सालीत जो चीक असतो तो कातडी जाळतो. आमच्या आईच्या दोन्ही आंगठ्यांची साल दर होळीच्या सुमारास सोलवटलेली असायची. ती आधी हाताला खोबरेल चोपडायची, राखेत बोटं घोळवायची, मग आडवी धरलेली बी विळीवर एका झटक्यात उभी चिरायची. जोर जास्त झाला की गर तुटतो, कमी झाला की चीक उडतो. मग काडीने गर अलगद उचलायचा, गरम पाण्यात टाकायचा आणि वरची तांबूस साल चिमटीने ओढायची. वाटीभर गरांना सकाळ जायची. हे काम अजूनही बहुतेक हातानेच होतं. गर दोन दिवसांत उतरतो, म्हणून तो मुंबईला पोचवायचा तर रात्रीची गाडी गाठावी लागते. भाचीच्या मोठ्या शेफने पहिल्यांदा आणलेले गर अर्धे काळे पडले होते. तेव्हा तिने आजीला व्हिडिओ कॉल लावला. आई ओट्यावर बसून फोनकडे न बघता बी चिरत राहिली आणि पलीकडून सहा पांढरे डगलेवाले तिचे हात बघत राहिले. "अगो, आधी तेल लाव म्हणावं त्यांना," एवढंच ती दोनदा म्हणाली.

या हॉटेलांचा दुसरा अर्धा कारभार साठवणीचा असतो, आणि तिथे तर कोकणातलं कुठलंही घर त्यांचं गुरू शोभेल. काचेच्या बरण्यांच्या रांगा, मुरवलेलं, आंबवलेलं, खारवलेलं, वाळवलेलं. हंगाम दोन आठवड्यांचा असतो, पण चव वर्षभर हाताशी हवी, म्हणून हा खटाटोप. आमच्याकडे याला बेगमी म्हणतात. चिपळूण तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो लागला की बाजार बंद, वाट बंद, म्हणून मे महिना हा घराचा सगळ्यात धावपळीचा महिना. रातांबे फोडून बिया आणि गर काढायचा, गराला मीठ लावून सुटलेल्या रसात सालं बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची. चार-पाच पुटं बसली की सोलं काळीभोर होतात. वळवाचा पाऊस मध्येच आला तर सगळ्यांना बुरशी. आंबोशी, फणसाची साठं, कुळथाचं पीठ, सुका जवळा, सोडे, लाल मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनामागे असंख्य खळ्यांवर उन्हात उभ्या राहिलेल्या बायका आहेत.

आजोबांच्या गाठोड्यात हीच बेगमी असायची. आमच्या पंचक्रोशीतले पुरुष पूर्वी गोवळकोटच्या नाहीतर दाभोळच्या बंदरातून बोटीने मुंबईला जात, नंतर एसटीने. कोकण रेल्वे पूर्ण होऊन सावर्ड्याला गाडी थांबू लागली तेव्हा गिरण्यांचा काळ सरला होता. मुंबईच्या गिरण्यांत सगळ्यात जास्त हात रत्नागिरी जिल्ह्याचे होते. एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत, आणि जेवायला खानावळ. खानावळ म्हणजे कुणा बाईचं दहा बाय दहाचं घर. तिच्या स्टोव्हवर रोज दोन्ही वेळा दहा-बारा गडी जेवत. पैसे महिन्याच्या पगारावर, त्यामुळे वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवर लिहिताना इराणी हॉटेलं येतात, क्लब येतात, पंचतारांकित येतात. गिरणगावातल्या खानावळवाल्या बाईला तिच्या जागेपेक्षा फारच थोड्या ओळी मिळाल्या आहेत. गावाहून आलेला सुका जवळा ती ज्याचा त्याला वेगळा करून वाढायची, हे आजोबा शेवटपर्यंत सांगत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि बहुतेकांसाठी तो कधी संपलाच नाही. आजोबा कायमचे सावर्ड्याला परतले. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची, बांधकामाखालची मोजायची नाही, असं झालं आणि मोकळ्या जागेचे नि घरांचे वाटे फार लहान झाले. उरलेल्या आवारांत कचेऱ्या आल्या, दुकानं आली, हॉटेलं आली. हॉटेलवाल्यांना ते छप्पर हवंच असतं: उंची भरपूर, धुराडी काढायला वाव, आणि भिंतीला आपोआप आलेलं वय. शेडचा वापर होतो म्हणून ती निदान उभी राहते, हेही खरं. पाडून टॉवर झालेल्या शेडमध्ये मला आजोबांचा उजेड बघता आला नसता.

म्हणून त्या जेवणाबद्दल माझ्या मनात राग नाही. ऋजुता आहे, कष्ट आहेत, आणि आमच्या रानाकडे बघण्याची आदराची नजर आहे. मला कमी वाटलं ते एवढंच, की ताटलीबरोबर दिलेल्या जाड कागदाच्या कार्डावर मिठाचं गाव होतं, चीज बनवणाऱ्याचं नाव होतं, आणि करवंदापुढे नुसतं 'कोकण' होतं. सड्यावर काट्यातून हात घालून ते कुणी वेचलं? आमच्याकडे पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या बाईला प्रत्येक जाळीची गोडी ठाऊक असते. कुठली आधी पिकते, कुठली आंबट राहते. फोडशी कुठल्या उतारावरची कोवळी आणि तिचा मधला कडक दांडा कुठवर खुडायचा, टाकळा कितव्या दिवसानंतर उग्र होतो, भारंगीचं पहिलं पाणी का पिळून टाकायचं, हे सगळं तिच्याकडे आहे. ऑगस्टमध्ये कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात तेव्हा तिला एक दिवस टेबल मिळतं. गावचं नाव आणि तिचं नाव कार्डावर छापलं, तिला मालाचा दर आधी ठरवून दिला, तर हंगामाची खरी जाणकार त्या व्यवहारात शिरेल. आणि सावर्ड्यात, चिपळुणात जी चिरेबंदी चौसोपी घरं कुलूप लावून पडली आहेत, त्यांतल्या एखाद्या पडवीत पावसाळ्याचे चार महिने फक्त पावसाळ्याचं जेवण मिळालं तर मी रोज जाईन.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिने आपल्या शेफला सांगितलं. परवा रात्री तिचा फोन आला, आईलाच द्यायला सांगितला. त्यांना जूनच्या ताटात फोडशी घ्यायची आहे, वेचणाऱ्या बाईचं नाव छापायला ते तयार आहेत, फक्त आजीने तारीख सांगायची, म्हणजे पाहुण्यांना आधी कळवता येईल.

आईने अंगणाकडे बघितलं. आभाळ कोरडं होतं.

"तारीख कसली सांगू? मिरग लागूं दे. दोन सरी पडूं देत. मग मी फोन करीन."