दोन पानांचा निबंध आणि त्याची मोजदाद: डॉ. शंभूनाथ डे

काही वर्षांपूर्वी मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या निवड समितीवर होतो. नाव सांगत नाही, कारण हे कुठेही घडू शकतं. उमेदवाराच्या फायलीत पहिल्याच पानावर तक्ता होता: शोधनिबंध इतके, सायटेशन इतकी, एच-इंडेक्स इतका. मुलाखत पाऊण तास चालली आणि त्या पाऊण तासात ‘तुम्हाला नेमकं काय सापडलं?’ हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. घरी परतताना रिक्षात ते लक्षात आलं आणि वाईट वाटलं. आजचा विषय तिथूनच सुचला.

आधी या आकड्यांची ओळख करून घेऊ. एखाद्या संशोधकानं आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा संदर्भ दिला की त्या दुसऱ्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा होतं. ही मोजदाद पद्धतशीरपणे सुरू केली अमेरिकेतल्या यूजीन गारफिल्ड यांनी. त्यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ पासून नियमित निघू लागला. गंमत म्हणजे कल्पना वकिलांकडून आलेली. कुठला जुना निकाल पुढे कुठल्या खटल्यात वापरला गेला, हे सांगणाऱ्या याद्या अमेरिकेतले वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. म्हणजे मुळात हे शोधायचं साधन होतं, माणसाला गुण देण्याचं नव्हे.

एच-इंडेक्स खूप नंतरचा. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो २००५ मध्ये सुचवला. तुमच्या निबंधांपैकी १२ निबंधांना प्रत्येकी निदान १२ सायटेशन असतील, तर तुमचा एच-इंडेक्स १२. आता समजा, एखाद्यानं आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि त्याला ५००० सायटेशन मिळाली. त्याचा एच-इंडेक्स किती? एक. हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कलकत्त्याला जाऊ. शंभूनाथ डे यांचा जन्म १९१५ चा, हुगळी जिल्ह्यातला. पॅथॉलॉजीचे डॉक्टर. पीएच.डी. लंडनला, रॉय कॅमेरून यांच्या हाताखाली, १९४९ मध्ये. तिथे दोघांनी फुप्फुसात पाणी कसं साचतं यावर काम केलं होतं. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. शरीरातलं पाणी नको त्या जागी कसं येतं, हा प्रश्न घेऊन हा माणूस परत आला आणि आला तो थेट कॉलऱ्याच्या माहेरघरी.

कॉलऱ्याचा जंतू विष तयार करत असावा, असं रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच म्हटलं होतं. पण पाऊणशे वर्षं ते विष काही हाती लागेना. संशोधक जंतू किंवा त्यांचा अर्क प्राण्यांच्या रक्तात टोचत, पोटाच्या पोकळीत टोचत. प्राणी मरत, पण कॉलरा होत नसे. डे यांनी विचार केला, की रोग आतड्यात होतो ना, मग आतड्यातच बघू. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्यानं बांधला, रक्तपुरवठा तसाच ठेवला आणि त्या बंद तुकड्यात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्यानं टम्म फुगलेला! हे काम डी. एन. चॅटर्जी यांच्याबरोबर १९५३ मध्ये छापून आलं. १९५६ मध्ये आणखी दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हीच पद्धत जुलाबाच्या रोग्यांमधल्या ई. कोलाय जंतूंवर वापरली. प्रवाशांना होणाऱ्या जुलाबाचं आजचं शास्त्र शोधत मागे गेलात, तर त्या निबंधापाशी पोचता.

आणि मग १९५९. या वेळी डे यांनी जंतू वापरलेच नाहीत. जंतू ज्या द्रवात वाढवले होते तो गाळून, एकही जंतू न राहिलेला द्रव त्यांनी आतड्यात सोडला. तरी तुकडा फुगला. म्हणजे आतड्यात पाणी आणायला जंतू स्वतः हजर असण्याची गरज नाही, त्यानं सोडलेलं विष पुरतं. निबंध ‘नेचर’च्या ३० मे १९५९ च्या अंकात आला. लेखक एकच, पान दोन. परदेशी भागीदार नाही, मोठी प्रयोगशाळा नाही.

मग काय झालं? सुरुवातीला फारसं काहीच नाही. निबंध ‘नेचर’मधला असूनही बराच काळ त्याकडे कुणाचं नीट लक्ष गेलं नाही. आजच्या पद्धतीनं १९६१ साली डे यांची फाईल समितीपुढे आली असती, तर हा निबंध यादीत एका ओळीत निघून गेला असता.

असं का झालं असावं? ‘परदेशी लोकांनी दुर्लक्ष केलं’ हे आपलं आवडतं उत्तर, पण ते अपुरं आहे. पहिलं म्हणजे कॉलऱ्यात आतड्याचं अस्तरच सोलवटून निघतं, अशी जुनी समजूत होती. रोग्यांच्या आतड्यांचे तुकडे तपासून अस्तर शाबूत असतं हे दाखवलं गेलं १९६० मध्ये. त्याआधी डे यांच्या निष्कर्षाला बसायला जागाच नव्हती. दुसरं, १९५९ मध्ये श्रीमंत देशांच्या दृष्टीनं कॉलरा हा विषय मागे पडलेला होता. १९६१ मध्ये इंडोनेशियातून सातवी जागतिक साथ सुरू झाली. ढाक्याची कॉलरा प्रयोगशाळा नुकतीच उभी राहिली होती. अमेरिकेचा पैसा आणि माणसं या विषयात आली. त्यांना विष मोजायची पद्धत हवी होती आणि ती डे यांनी करून ठेवलेली होती. सायटेशन वाढली ती तेव्हा. निबंधातला एक शब्दही बदललेला नव्हता, बदलली होती गरज.

विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं ते रिचर्ड फिंकेलस्टाइन आणि जोसेफ लोस्पालुटो यांनी, अमेरिकेत, १९६९ मध्ये. तेवढी साधनं कलकत्त्यात डे यांच्यापाशी नव्हती. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. देशातल्या कुठल्याही मोठ्या विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो म्हणून निवडलं नव्हतं.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते आपल्या घरचं आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तुम्हाला माहीत आहेत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध चालतं, हा त्यांचा निबंध १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. बरोबरचं नाव डॉ. प्रमोदिनी बावस्कर, त्यांच्या पत्नी. २०११ मध्ये ‘बीएमजे’त त्यांची प्रतिविषाची चाचणी आली, ७० रोगी, आणि लेखक पुन्हा हे दोघंच. अशा नियतकालिकांतल्या चाचण्यांवर एरवी वीस-पंचवीस नावं असतात. पण विंचूदंशावर जगात संशोधन करणारे किती? मूठभर. संदर्भ देणारेच थोडे, म्हणून संदर्भही थोडे. हृदयविकारावरच्या एखाद्या सामान्य निबंधाला त्यापेक्षा जास्त सायटेशन सहज मिळतात. कोकणात पूर्वी गंभीर दंशाचे शंभरातले पंचवीस-तीस रोगी दगावत, ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. हा आकडा कुठल्याही निर्देशांकात बसत नाही. शेतकरी बांधावर बरा होऊन उभा राहतो, पण तो काही निबंध लिहीत नाही.

मग यादी वाचायची कशी? मी आता विद्यार्थ्यांना सांगतो, की एकूण आकडा झाकून ठेवा. एक निबंध निवडा आणि त्याचा संदर्भ कुणी, कुठल्या वाक्यात दिलाय ते बघा. प्रस्तावनेत ‘अनेकांनी यावर काम केले आहे’ म्हणून दहा नावांच्या कंसात नाव येणं वेगळं, आणि ‘पद्धत’ या भागात ‘आम्ही अमक्याच्या रीतीने प्रयोग केला’ असं येणं वेगळं. डे यांच्या बांधलेल्या आतड्याचा उल्लेख वर्षानुवर्षं येत राहिला तो दुसऱ्या प्रकारे. पुढे पुढे तर पद्धत इतकी रुळली की लोक नुसतं ‘सशाच्या आतड्याचा प्रयोग’ म्हणू लागले, नाव गळालं. काम सगळ्यांचं झालं की नाव गळतं. तिथेही मोजदाद कमी पडते, फक्त उलट्या कारणानं. सहलेखकांचंही तसंच. नावं किती यापेक्षा, तेच सहकारी तोच प्रश्न घेऊन किती वर्षं टिकले, ते बघा.

डे यांची आठवण पुन्हा काढली ती, गंमत बघा, मोजदाद करणाऱ्या गारफिल्ड यांनीच. १९८६ मध्ये कॉलरा संशोधनाचा सायटेशनवरून नकाशा काढताना त्यांनी डे यांच्या कामावर लेख लिहिला. आधी दुर्लक्षित राहिलेला १९५९ चा निबंध आता मैलाचा दगड मानला जातो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. म्हणजे साधन वाईट नाही, घाई वाईट. पण डे एप्रिल १९८५ मध्येच गेले होते.

वेळ संपत आलीय, दोन प्रश्न घेतो.

पहिला: डे यांना नोबेल का मिळालं नाही? शिफारस झाली होती. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी आपण त्यांचं नाव एकाहून अधिक वेळा सुचवल्याचं स्वतः लिहिलंय. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानच्या कॉलऱ्यावरच्या परिसंवादाला डे यांना बोलावलं गेलं. पारितोषिक काही आलं नाही. मृत्यूनंतर ते देत नाहीत.

दुसरा प्रश्न मुंबईच्या एका ताईंचा आहे: या शोधात महाराष्ट्रातलं कुणी होतं का? होतं. परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून, जिवंत जंतूंशिवाय नुसत्या विषानं जुलाब होतात हे दाखवलं. तेही १९५९ मध्येच, डे यांच्यानंतर काही महिन्यांनी, ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’त. कॉलऱ्याच्या इतिहासात जाणकार दोन्ही निबंध शेजारी शेजारी ठेवतात, पण आपल्याकडे हे तिघं डे यांच्याहूनही कमी माहीत आहेत. त्यांचाही निबंध दोनच पानांचा आहे. पुढच्या वेळी दोन्हींच्या झेरॉक्स घेऊन येतो, ज्यांना हव्यात त्यांनी आधी कळवा.