चामडं शाबूत, पण टाका कुजला: मेणाचा धागा कसा निवडायचा?

नेरळचा घाट चढून आलेली गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे माथेरानमध्ये खासगी गाड्यांना बंदी. त्यामुळे अनेक पर्यटक घोडा करतात. घोड्यावर चढताना डावा पाय रिकिबीत टाकला की अंगाचं सगळं वजन क्षणभर एका चामडी पट्ट्यावर येतं. खरं तर पट्ट्यावरही नाही, तर त्याचं बक्कल जिथे शिवलंय तिथल्या मोजक्या टाक्यांवर!

चामडं खराब व्हायला लागलं की सहसा आधी तडे दिसतात. टाका मात्र आतल्या आत कुजतो. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात चामडं दिवसेंदिवस ओलं राहतं, त्यात घोड्याचा खारट घाम मुरतो. वर माथेरानची ती लाल माती. तिचे कण टाक्यात शिरले की पॉलिश पेपरसारखे धागा घासत राहतात.

मग धागा कोणता?

साधा सुती धागा इथे नकोच, तो ओलीत लवकर कुजतो. जवसाच्या झाडापासून निघणारा लिननचा धागा खोगीर शिवणाऱ्यांचा जुना आवडता. तो भिजल्यावर कमजोर होत नाही, पण सतत दमट राहिला तर तोही सडतो. नायलॉन मजबूत आहे, मात्र ताणला जातो आणि उन्हाने हळूहळू कमजोर होतो. कोकणातल्या पावसाचा विचार केला तर मेण लावलेला पॉलिस्टर धागा सगळ्यात बिनघोर.

दुकानदार सांगतो तोच धागा आहे का, हे तपासायचं असेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. पॉलिस्टर आणि नायलॉन वितळून कडक मणी होतो, सूत आणि लिनन कागदासारखं जळून राख होते.

मेण कशाला?

मेणामुळे धाग्याचे तंतू एकमेकांना चिकटून बसतात, भोकातून ओढताना धागा पिंजत नाही, आणि ओढलेला टाका पुढचा घालेपर्यंत सैल पडत नाही. भोकातली फटही थोडी बुजते. पण मेण म्हणजे रेनकोट नव्हे, पाणी शेवटी आत जातंच. मधमाशीचं मेण चिवट असतं. मेणबत्तीचं मेण ठिसूळ, त्याचे पापुद्रे निघतात. साधा धागा घरी मेणवायचा असेल तर मेणाच्या खड्यावरून दोन-तीनदा ओढा, मग फडक्यात धरून जोरात चोळा. घर्षणाच्या उबेने मेण आत मुरतं.

जाडीत मात्र अनेक जण फसतात. बारीक आणि फार मजबूत धागा ताण आल्यावर तारेसारखा चामडंच कापतो. पाकिटाला ०.६ मिलिमीटर पुरे, लगाम किंवा रिकिबीच्या पट्ट्याला ०.८ ते १ मिलिमीटर हवा. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट धागा घ्या, चामडं जाड असेल तर आणखी थोडा.

शिवायचं ते एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलट दिशांनी जातात. त्यामुळे एका बाजूचा धागा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा धागा फक्त एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शेजारचे टाकेही सुटत जातात. शिवणीच्या रेषेवर आधी उथळ खाच पाडली तर धागा आत बसतो आणि कमी घासला जातो. शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन धागा कापा. पॉलिस्टर असेल तर टोक लायटरने जपून वितळवा, मेण पेट घेतं.

पावसाळा संपला की बक्कल, रिकीब आणि तंग यांच्या शिवणी जरा फाकवून नखाने खरवडा. तंतू सुटून आले किंवा टाका हलला तर ती सगळी शिवण उसवून पुन्हा घाला, पण जुन्याच भोकांतून. मधे नवी भोकं पाडली तर तिथलं चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं रेषेत फाटतं.