टक्कल, प्रोस्टेट आणि एक विकर

टेस्टोस्टेरॉन सगळ्यांना ठाऊक असतं, पण पुरुषाच्या शरीरातली बरीच कामं करतो त्याचा जास्त जहाल भाऊ, डीएचटी. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं विकर म्हणजे फाइव्ह-अल्फा रिडक्टेज.

त्याचं महत्त्व कळलं ते डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावामुळे. तिथल्या काही मुलग्यांमध्ये हे विकर जन्मतःच नीट काम करत नव्हतं. गर्भात डीएचटी कमी पडल्याने बाह्य जननेंद्रियं मुलींसारखी दिसायची आणि अनेकांना मुलगी म्हणूनच वाढवलं जाई. वयात येताना टेस्टोस्टेरॉन वाढलं की मात्र आवाज फुटायचा, स्नायू भरायचे, लिंगही वाढायचं! ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हे ‘सायन्स’मध्ये मांडलं. या पुरुषांचं प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राही, टक्कलही पडत नसे.

औषध कंपनीला आणखी काय हवं? हेच विकर रोखणाऱ्या, मर्कच्या फिनास्टेराइडला अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटवाढीसाठी आणि १९९७ मध्ये, कमी मात्रेत, टकलासाठी मंजुरी मिळाली.

ही गोळी घेत असाल तर पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीआधी डॉक्टरांना सांगाच. तिच्यामुळे आकडा साधारण निम्म्यावर येतो. काहींची कामेच्छाही घटते. मेडिकलवाल्याला विचारून ती परस्पर सुरू करणं मला तरी पटत नाही.